मिडशिपमनची वही आणि ट्रंकेतला दाखला: बेळगाव, धारवाड, खानापूर, कारवार

गुरुवार, बेळगाव

पुण्याहून रात्रीच्या गाडीने निघालं की बेळगावात पहाटे पोचतो, आणि हायवे सोडून गाडी शहराकडे वळली की पहिली दिसतात ती पळणारी पोरं. फेब्रुवारीतली थंडी, धुकं अजून पुरतं उठलेलं नाही आणि रस्त्याच्या कडेने बनियन, चड्डी, कॅनव्हासचे बूट घातलेली वीस-वीसची टोळकी, पुढे एक दादा शिट्टी वाजवतोय. सगळी भरतीची तयारी. आमच्या सीमाभागात आणि पलीकडे चंदगड-गडहिंग्लजला घरटी एक तरी माणूस फौजेत असतोच, त्यामुळे याचं इथे कुणाला काही वाटत नाही.

मावसभाऊ बाळूदादा स्कूटर घेऊन आला होता. चहा घेताना त्याने विचारलं की नेव्हीचं काहीतरी शोधायला तू बेळगावात कशी काय आलीस, इथे कुठला समुद्र. प्रश्न बरोबर आहे, म्हणून आधी तेच सांगते.

माझं काम ग्रंथालयातलं, जुन्या कागदांच्या याद्या करायचं. नौदलाच्या कागदांकडे मी वळले ती मिडशिपमनच्या वह्यांमुळे. ब्रिटिश नौदलात, आणि त्यांच्याच वळणाने वाढलेल्या आपल्या नौदलातही, होतकरू ऑफिसर जहाजावर गेला की त्याला रोजची वही लिहावी लागायची, मिडशिपमन्स जर्नल. ही काही खाजगी डायरी नव्हे, ट्रेनिंगचा भाग. वहीच्या सुरुवातीलाच छापील सूचना असायच्या आणि त्यात उद्देश लिहिलेला असायचा, की यातून बघायची सवय, बघितलेलं मांडायची ताकद आणि व्यवस्थितपणा अंगी यावा. मग आत बंदराचे हाताने काढलेले नकाशे, बॉयलरचं नाहीतर तोफेचं आडवं छेद चित्र, त्या दिवशी जहाजाने काय काय केलं त्याची हकीकत, आणि ठराविक दिवसांनी वरच्या ऑफिसरची आणि कॅप्टनची सही. लेफ्टनंटच्या परीक्षेला ही वही समोर ठेवावी लागायची. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराचं अक्षर पहिल्या पानावर कसं आहे आणि दीड वर्षानंतर कसं झालंय हे नुसतं चाळलं तरी कळतं, मला तर हे स्कॅन बघताना रात्रीचे दोन वाजले तरी उठवत नाही.

अशा वह्या, कॅडेटचे रिपोर्ट, घरी लिहिलेली पत्रं, हे सगळं तिकडे विद्यापीठांच्या अर्काइव्हमध्ये जपलेलं असतं. माउंटबॅटनचेच कागद घ्या, आपल्या सगळ्यांना माहीत असलेलं नाव. तो लहानपणी ऑस्बोर्न आणि डार्टमथच्या नौदल कॉलेजात शिकला, तिथपासून व्हाइसरॉय होईपर्यंतचे आणि पुढचेही कागद साउथॅम्प्टन विद्यापीठाकडे आहेत, विद्यापीठाने निधी उभा करून ते विकत घेतले, आणि त्यातल्या डायऱ्या सगळ्यांना बघायला मिळाव्यात म्हणून एका अभ्यासकाने कित्येक वर्षं कोर्टकचेऱ्या केल्या. कागदांसाठी माणसं एवढी भांडतात हे मला फार मोलाचं वाटतं.

पण त्या जहाजावर एका मिडशिपमनमागे खलाशी किती असायचे? स्टोकर, सिग्नलवाले, तोफेवरचे, भटारी, स्टुअर्ड, झाडूवाले टोपास. त्यांनीही ट्रेनिंग घेतलंच होतं की. त्यांचा कागद कुठे आहे? तर तो असलाच तर त्यांच्या घरी आहे. आणि ती घरं रत्नागिरीत आहेत, पंजाबात आहेत, मलबारात आहेत, आणि दुसऱ्या महायुद्धात भरती एकदम वाढली तेव्हा आमच्या बेळगाव-खानापूरकडचीही आहेत. १९३९ साली रॉयल इंडियन नेव्हीत, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या इथल्या नौदलात, जेमतेम दोन हजारांच्या आसपास माणसं होती, ती युद्ध संपेपर्यंत पंचवीस हजारांच्या वर गेली. म्हणून मी बेळगावात.

दिवसभर कॅम्पात फिरलो. बेळगाव हे ट्रेनिंगचंच गाव म्हणायला हवं, मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर १९२२ पासून इथे आहे, सांबऱ्याला एअरफोर्सच्या जवानांचं ट्रेनिंग स्कूल, आणि मिलिटरी स्कूल १९४५ चं. मराठाच्या म्युझियममध्ये तासभर गेला, छान ठेवलंय. एका रेजिमेंटने आपला इतिहास आपल्या जागी जपला की गावाला त्याचा अभिमान कसा वाटतो ते बेळगावात दिसतं.

संध्याकाळी बाळूदादाने त्याच्या सासऱ्यांच्या मित्राकडे नेलं, अनगोळला. नेव्हीतले रिटायर्ड पेटी ऑफिसर, ऐंशीच्या दशकात चिल्काला बेसिक ट्रेनिंग आणि मग लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत इंजिनचं. कुंद्याची बशी पुढे सरकवून म्हणाले, "काय शोधूलाय ओ तुम्ही नेमकं?" मी मिडशिपमनच्या वहीचं सांगितलं तर लगेच म्हणाले, "ती ऑफिसरची. आमची टास्क बुक असायची, एकेक काम शिकलं की सही, सगळ्या सह्या झाल्या की परीक्षा. ती कोण ठेवतंय ओ, झालं की संपलं." मग आत जाऊन एक फाइल घेऊन आले, कोर्सचे ग्रुप फोटो, मागे प्रत्येकाचं नाव, गाव, नंबर पेनाने लिहिलेला. मी म्हटलं काका, हेच तर मी शोधतेय. त्यांनाच खानापूरकडचं एक घर माहीत होतं, जिथले आजोबा युद्धात नेव्हीत होते. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावून शनिवारचं ठरवून टाकलं.

शुक्रवार, धारवाड

सकाळच्या बसने धारवाड. माझ्या आधारवर पुण्याचा पत्ता, त्यामुळे मी तिकीट काढलं, शेजारच्या दोघी मात्र कर्नाटकातल्या बायकांना बस फुकट करणाऱ्या शक्ती योजनेच्या शून्य रुपयाच्या तिकिटावर कित्तूरला माहेरी निघाल्या होत्या. त्यातल्या एकीने डब्यातली शेंगाचटणी आणि भाकरी मला खायलाच लावली.

कर्नाटक विद्यापीठ १९४९ चं, टेकडीवर, भरपूर झाडी. माझ्यासारखीला अशा ठिकाणी एक दिवस काहीच नाही. सकाळभर मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कानडा जिल्ह्याचा खंड घेऊन बसले होते, १८८३ चा, दोन भाग. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला लागते, ती म्हणजे उत्तर कानडा १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला, आणि बेळगाव, धारवाड, कारवार हे सगळे जिल्हे १९५६ पर्यंत मुंबईकडेच होते. म्हणजे इथल्या पोराला बोटीवर नोकरी करायची तर वाट मुंबईची, आणि त्याचा सरकारी कागदही मुंबईत नाहीतर दिल्लीत. इतिहास इथला, कागद तिथे, आणि आता राज्यही वेगळं, त्यामुळे आमच्याकडच्या खलाशांबद्दल ना इकडे कोण लिहितं ना तिकडे.

दुपारी वहीत ऑफिसरांच्या ट्रेनिंगचा सगळा क्रम एका पानावर उतरवून काढला, कारण खानापूरला जायच्या आधी मला तो डोक्यात साफ हवा होता. १९२८ पर्यंत रॉयल इंडियन मरीनमध्ये, म्हणजे रॉयल इंडियन नेव्हीच्या आधीच्या रूपात, कमिशन मिळालेला एकही भारतीय ऑफिसर नव्हता, त्या वर्षी डी. एन. मुखर्जी हे पहिले, तेही इंजिनिअरिंग शाखेत. त्याच्या आदल्या वर्षी, १९२७ ला, मुंबईत माझगावसमोर डफरिन हे ट्रेनिंग शिप उभं राहिलं. खरं तर ते व्यापारी जहाजांचे ऑफिसर तयार करायला, पण त्याच्या पहिल्या बॅचमधला एक कॅडेट, राम दास कटारी, १९५८ साली नौदलाचा पहिला भारतीय प्रमुख झाला. त्यांच्यानंतर १९६२ ला आले भास्कर सोमण, मराठी माणूस आणि तेही डफरिनचेच. मरीनची रॉयल इंडियन नेव्ही झाली २ ऑक्टोबर १९३४ ला. निवडलेले कॅडेट तेव्हा इंग्लंडला जायचे, जहाजावर आणि कॉलेजात तिकडच्या पोरांबरोबर शिकायचे. स्वातंत्र्यानंतर डेहराडूनला १९४९ ला तिन्ही दलांच्या कॅडेटचं एकत्र शिक्षण सुरू झालं आणि तेच पुढे खडकवासल्याला एनडीए म्हणून आलं. डफरिनच्या जागी १९७२ ला राजेंद्र आलं, १९९३ ला नवी मुंबईत जमिनीवरचं चाणक्य, आणि आता ते इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीत आहे. म्हणजे आपल्याकडेही ऑफिसरांच्या ट्रेनिंगचा वारसा फिरून फिरून एका विद्यापीठाच्याच छताखाली आला.

जेवायच्या सुट्टीत तिथे पीएचडी करणाऱ्या एका मुलीशी गप्पा झाल्या, कानडी मुलगी, मराठी छान बोलते. तिचा विषय वेगळा, पण घरोघरचे कागद गोळा करायचा अनुभव दांडगा. ती म्हणाली अक्का, लोकांना कागद द्यायला भीती वाटते, नेला की गेला म्हणतात, आणि त्यांचं खरंच आहे. तिने सांगितलेली पद्धत मला पटली. मूळ कागद घरीच राहू द्यायचा, तिथेच बसून स्कॅन करायचा, एक प्रत घरच्यांना, एक विद्यापीठाला, आणि सोबत एक पान लिहायचं की कागद कुणाचा, गाव कुठलं, कुणी दाखवला, कुठल्या पेटीत काय काय एकत्र होतं. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण पेटीत शेजारी शेजारी ठेवलेल्या गोष्टींवरून बरंच कळतं आणि एकदा विस्कटलं की परत जुळत नाही.

निघायच्या आधी कन्नड संशोधन संस्थेचं म्युझियम बघितलं, संस्था १९३९ ची. ताम्रपट, शिलालेख, वीरगळ. कदंब राजघराण्याचं नाव वाचलं तिथे आणि उद्याचा हलशीचा बेत पक्का केला. संध्याकाळी गिरमिट, मिरची आणि पेढ्याचे दोन डबे घेऊन परत.

शनिवार, हलशी आणि खानापूरजवळचं एक गाव

बाळूदादाची वॅगनार, मागच्या सीटवर माझा स्कॅनर. आधी नंदगडवरून हलशी. नौदलाच्या प्रवासात डोंगरातलं देऊळ कशाला, असं बाळूदादाही म्हणाला, पण कारवारच्या तळाचं नाव आयएनएस कदंब आहे आणि हलशी ही कदंबांची राजधानी. आधीचे बनवासीचे कदंब, त्यांचे पाचव्या-सहाव्या शतकातले ताम्रपट इथेच सापडले, काकुत्स्थवर्म्यापासूनचे. नंतरचे गोव्याचे कदंब, त्यांचीही ही दुसरी राजधानी, भूवराह नरसिंहाचं देऊळ बाराव्या शतकातलं त्यांचंच. एकाच देवळात समोरासमोर दोन गाभारे, एकीकडे नरसिंह आणि समोर भूदेवीला उचलून धरलेला वराह. हे गोव्याचे कदंब खरे दर्यावर्दी, गुहल्लदेव राजा समुद्रमार्गाने सोमनाथच्या यात्रेला निघाला आणि वाटेत डोलकाठी मोडली ही हकीकत त्यांच्याच काळच्या ताम्रपटात येते, आणि जहाजावरची लढाई कोरलेले त्या काळातले वीरगळ गोव्याच्या म्युझियममध्ये आहेत. त्या वीरगळांवर वल्ही मारणारे ओळीने कोरलेत, राजा नाही. मला ते फार आवडतं.

दुपारी त्या घरी पोचलो. गावाचं नाव लिहीत नाही, घरच्यांनी तसं सांगितलंय. पुढे ओटा, शेजारी गोठा, मध्ये माजघर, काजूची झाडं मोहरलेली. आजी ऐंशीच्या पुढच्या, नेव्हीतले आजोबा म्हणजे त्यांचे सासरे. आजी त्यांना मामंजी म्हणतात. नातसुनेने चहा आणेपर्यंत आजींनी स्वतः माळ्यावरची ट्रंक उतरवून घेतली होती.

आत वर एक फेटा, त्याखाली जमिनीचे उतारे, विठोबाचा फोटो, सीमाप्रश्नाच्या मोर्च्यांच्या वेळची पत्रकं आणि तळाला मेणकापडात गुंडाळलेला दाखला, सर्व्हिस सर्टिफिकेट. जाड कागद, चार घड्यांचा, मधल्या घडीवर फाटलेला आणि मागून पिठाच्या खळीने वर्तमानपत्राची पट्टी लावून सांधलेला. पट्टीवरचं मराठी वर्तमानपत्र अजून वाचता येतं, कुठल्याशा तंबाखूची जाहिरात.

आजी म्हणाल्या, "त्यात काय लिवलंय ते आजवर कुणी वाचून दाखवलं नाही गे. पोरं म्हणायची इंग्लिश हाय, जुनं हाय. तू वाच की."

मग मी एकेक रकाना वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. नाव. वडिलांचं नाव. गाव, तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव, ते टाइप केलेलं, खानापूरचं स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं. उंची. छाती. डोळे तपकिरी. वर्ण गव्हाळ. ओळखीची खूण, डाव्या भुवईवर व्रण. इथे आजी थांबवून म्हणाल्या, परत वाच. त्यांनी मामंजींना म्हातारपणीच बघितलेलं, भुवया पांढऱ्या आणि दाट, व्रण कधी ध्यानातच आला नाही, आणि घरात जो एकच फोटो आहे तो उजव्या बाजूने काढलेला. नातू उठून भिंतीवरचा फोटो खाली घेऊन आला, सगळे त्यावर वाकले, पण डावी भुवई त्यात दिसतच नाही.

पुढचं पान. कामाचा प्रकार, स्टोकर. म्हणजे बॉयलरवरचं काम, जहाजाच्या पोटात, उकाड्यात. १९४३ ची भरती. मग कुठून कुठे गेले त्याची यादी, त्यात लोणावळ्याचं शिवाजी, जे १९४५ च्या फेब्रुवारीत सुरू झालं, आणि शेवटी नर्मदा हे जहाज, इंग्रजीत नरबडा. उजवीकडे दर वर्षाच्या ३१ डिसेंबरला मारलेला शेरा, चालचलणूक आणि कामातली हुशारी. चालचलणुकीपुढे व्ही. जी., म्हणजे व्हेरी गुड, कामापुढे सॅट., म्हणजे समाधानकारक, आणि कॅप्टनची सही. सगळ्या वर्षांना तेच दोन शेरे. त्या शेऱ्यांवर पगारवाढ, बढती, चांगल्या वर्तणुकीची पट्टी, सगळं अवलंबून असायचं. ऑफिसरच्या वहीत त्याने काय बघितलं ते पानंच्या पानं असतं, आणि इथे या माणसाकडे दुसऱ्यांनी काय बघितलं ते, तेही दोन अक्षरांत. हा फरक मी आधी वाचून जाणत होते, पण त्या ट्रंकेपुढे बसून तो मला फार लागला.

शेवटची नोंद १९४६ ची, नौकरीतून मोकळं केल्याची. आजींना मी ते सालही सांगितलं आणि त्या सालात काय झालं तेही, कारण नर्मदा त्यात होतं. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईच्या तलवार या सिग्नल स्कूलमध्ये खलाशांनी काम बंद केलं. निकृष्ट जेवण, गोऱ्यांना आणि आपल्याला वेगळा पगार, वेगळी वागणूक, युद्ध संपून घरी सोडायला होणारा उशीर, आणि वर तलवारचा कमांडर किंग याने केलेली शिवीगाळ. बघता बघता मुंबई, कराची आणि इतर बंदरांतली सत्तरच्या वर जहाजं आणि किनाऱ्यावरचे तळ त्यात सामील झाले, सुमारे वीस हजार खलाशी. मुंबईच्या बंदरात नर्मदासारख्या जहाजांच्या तोफा खलाशांच्या ताब्यात गेल्या. मुंबईत गिरणी कामगार रस्त्यावर उतरले, गोळीबारात दोनशेच्या वर माणसं मेली. सरदार पटेलांच्या सांगण्यावरून २३ तारखेला खलाशांनी माघार घेतली. नंतर चौकशी कमिशन बसलं आणि त्याच्यापुढे खलाशांनी साक्षी दिल्या, साधी साधी पोरं, डाळीत खडे असतात इथपासून सगळं सांगितलं, आणि ते कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. ऑफिसरांच्या ट्रेनिंगचा अभ्यास करणाऱ्याने आधी त्या साक्षी वाचाव्यात असं माझं ठाम मत आहे. युद्धाच्या घाईत ज्यांना झटपट ऑफिसर केलं त्यांनी माणसं कशी हाताळली, त्याची खरी परीक्षा तिथे लिहिलेली आहे.

आजी ऐकत होत्या. म्हणाल्या, मामंजी रोज डाळ ताटात घेऊन आधी बोटाने चाचपायचे, सासूबाई चिडायच्या, मी काय खडे घालते काय म्हणून. हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की क्षणभर कुणी काही बोललंच नाही. मी ते पद्धतीप्रमाणे सोबतच्या पानावर त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं, सांगणाऱ्या सूनबाई, तारीख, गाव.

स्कॅन करायला दोन तास लागले. दाखला दोन्ही बाजूंनी, सहाशे डीपीआयला, खळीची पट्टी तशीच ठेवून. नातू म्हणत होता लॅमिनेशन करून घेऊ का, त्याला म्हटलं अजिबात नको, प्लॅस्टिक एकदा चिकटलं की कागद कायमचा गेला, त्यापेक्षा स्वच्छ सुती कापडात सपाट ठेवा, घडी घालू नका आणि डांबराची गोळी त्याला लागू देऊ नका. रात्री तिथेच राहिलो, तांदळाची भाकरी आणि कोंबडीचा रस्सा.

रविवार, कणकुंबीवरून कारवार

जांबोटीमार्गे कणकुंबी. कारवारला जायला रामनगर-अणशीची वाट जवळची, पण मला म्हादईच्या कडेने उतरायचं होतं. मलप्रभा कणकुंबीत उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेला मिळायला जाते, माउलीच्या देवळापाशी तिचं कुंड आहे. म्हादई याच खानापूर तालुक्यात भीमगडच्या जंगलात उगवते आणि पश्चिमेला गोव्यात उतरते, तिकडे तिलाच मांडवी म्हणतात. तिच्या पाण्यावरून दोन राज्यांचं किती वर्षं चाललंय ते इथल्या पोरासोरांनाही पाठ आहे.

पण नौदलात या नदीचं नाव वेगळ्याच कारणाने मोठं झालं. आयएनएसव्ही म्हादई, शिडाची बोट, छप्पन्न फुटांची, गोव्यात मांडवीतल्या दिवाडी बेटावर बांधलेली. तिच्यावरून दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले आणि एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून १९ मे २०१० ला परत आले, असं करणारे पहिले भारतीय. मग २०१२-१३ ला अभिलाष टॉमी, तेही कुठेही न थांबता. पुढे तारिणीवरून नौदलाच्या सहा जणी गेल्या, वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली. नौदल अजून ऑफिसरांना शिडावर का शिकवतं, त्यासाठी तरंगिणी, सुदर्शिनीसारखी जहाजं का ठेवतं, असं लोक विचारतात. वारा, पाणी आणि सोबतची माणसं यांचा अंदाज अंगात मुरायला दुसरी शाळा नाही, असं मला या सगळ्या प्रदक्षिणांच्या हकिकती वाचून वाटतं.

चोर्ला घाट उतरून साखळी, पणजी. पणजीच्या समोर मांडवीच्या पलीकडे वेरेला आयएनएस मांडवी, आणि तिथेच १९८६ पासून २००९ पर्यंत नेव्हल अकॅडमी होती, कोचीहून आलेली, नंतर केरळात एळिमलाला गेली. म्हणजे वीसेक वर्षं नौदलाचे ऑफिसर खानापुरातून आलेल्या पाण्याच्या काठी घडले. बाळूदादाने हे ऐकून गाडी पुलावर हळू केली आणि मागच्याने हॉर्नवर हॉर्न दिले.

मडगाव, काणकोण, पोळे, माजाळी करत अंधार पडता पडता काळी नदीच्या पुलावर आलो. शेजारचा जुना पूल ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला, तेव्हापासून सगळी वाहतूक एकाच पुलावर. रात्री बांगड्याचं तिखलं आणि भात.

सोमवार, कारवार

सकाळी टागोर बीच. रवींद्रनाथांचे थोरले भाऊ सत्येंद्रनाथ इथे जज्ज होते आणि रवींद्रनाथ तरुणपणी येऊन राहिलेले, म्हणून हे नाव. तिथेच आयएनएस चपळ वाळूवर उभी केलीय, म्युझियम म्हणून. छोटी क्षेपणास्त्र नौका, रशियन बनावटीची, १९७६ साली दाखल झालेली आणि २००५ ला निवृत्त. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर हल्ला केला तो निपात, निर्घात आणि वीर या तिच्याआधीच्या नौकांनी, म्हणून चार डिसेंबर नौदल दिन. त्या पहिल्या नौका चालवायला गेलेल्या ऑफिसर आणि खलाशांना व्लादिवोस्तोकला पाठवलेलं, बर्फात, आणि आधी रशियन शिकायला लागलं कारण सगळी पुस्तकं रशियनमध्ये. ऑफिसर आणि खलाशी एकाच वर्गात मुळाक्षरं गिरवतायत हे मला डोळ्यासमोर आणायला फार आवडतं. चपळच्या इंजिनरूममध्ये उतरले तेव्हा स्टोकर आजोबांची आठवण झाली. इथे तर डिझेल इंजिन, कोळसा नाही बॉयलर नाही, तरी वाकूनच उभं राहायला लागतं आणि बंद असतानासुद्धा घाम फुटतो. बाजूला टुपोलेव्ह विमानही ठेवलंय, पोरांची तिथेच जास्त गर्दी.

दुपारी रिक्षाने बिणग्याच्या बाजूला. तळ आत असतो, आपल्याला दिसतं ते कुंपण आणि गेट. पायाभरणी राजीव गांधींच्या हस्ते १९८६ ला, तळ सुरू झाला ३१ मे २००५ ला, प्रकल्पाचं नाव सीबर्ड. रिक्षावाल्या दादांचं घर आत गेलेल्यांपैकी. मासेमारीचं गाव होतं, उठवलं, भरपाईसाठी वडील कोर्टात किती चकरा मारत ते त्यांनी वाटभर सांगितलं. तळ हवाच, माझं त्यात दुमत नाही, पण नौदलाच्या इतिहासात आरगे-बिणग्याच्या त्या घरांचे सातबारे आणि कोर्टाचे कागदही यायला हवेत. दादांना विचारलं, कागद आहेत का अजून? म्हणाले सगळे आहेत, आईने पिशवीत ठेवलेत. त्यांना धारवाडच्या मुलीचा नंबर त्यांच्या आणि तिच्या परवानगीने जोडून दिला.

संध्याकाळी सदाशिवगडावर. समोर काळीचं मुख, कुर्मगड, आणि दक्षिणेला अंजदीव. शिवाजी महाराज १६६५ च्या फेब्रुवारीत आरमार घेऊन बसरूरवर गेले ते याच पाण्यातून, आणि परतताना कारवारला इंग्रजांच्या वखारीकडून खंडणी वसूल केली. अंजदीववर पोर्तुगीज होते १९६१ पर्यंत. १८ डिसेंबर १९६१ ला त्रिशूल आणि म्हैसूर या जहाजांवरून नौदलाची तुकडी तिथे उतरली. नौसैनिक, पायदळ नव्हे. कडवा प्रतिकार झाला, आपले सात जण मारले गेले, दुसऱ्या दिवशी बेट हाती आलं. गडावर आलेल्या कॉलेजच्या पोरांना बाळूदादानेच हे सगळं सांगितलं, मी नुसती उभी होते. चार दिवसांत त्याला पाठ झालंय.

मंगळवार, परत

अणशी घाटातून, कद्रावरून, जोयडा, रामनगर, खानापूर. घाटात धुकं आणि वळणं, काही सांगण्यासारखं नाही. खानापूरला त्या घरी थांबून स्कॅनचा पेन ड्राइव्ह आणि दाखल्याची मोठी रंगीत प्रिंट दिली, दाखल्याचा मराठी अर्थ रकान्यावार टाइप करून सोबत. आजींनी प्रिंट हातात घेतली आणि नातवाला आधी तो व्रणाचा रकाना दाखवायला लावला.

मग तिथेच ओट्यावर बसून अर्ज लिहिला. खलाशांच्या नोंदी मुंबईला मानखुर्दच्या चीता कॅम्पात ब्यूरो ऑफ सेलर्सकडे असतात, घरच्यांनीच अर्ज करायचा, सर्व्हिस नंबर, भरतीचं साल, नातं आणि दाखल्याची प्रत जोडायची. नंबर दाखल्यावर होताच. सही नातवाची, खाली साक्षीदार म्हणून आजींचा अंगठा, त्यांनी हौसेने केला. अनगोळच्या काकांनी फोनवरून मसुदा दोनदा दुरुस्त करायला लावला, असं नको तसं लिहा, नेव्हीत असं चालत नाही म्हणून. बेळगावात शिरता शिरता पोस्ट बंद व्हायला दहा मिनिटं होती. स्पीड पोस्टची पावती बाळूदादाकडे आहे, धारवाडच्या प्रतीबरोबर तिचाही फोटो जाईल.